उलटा हात

आमच्या घराचं फाटक लोखंडी आहे. गेली तीन वर्षं ते उघडण्याआधी मी त्याला हाताची मागची बाजू लावून बघतो. फाटकाजवळून विजेची एकही तार जात नाही. घराचं सगळं वायरिंग मीच केलंय, त्यामुळे हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक असणार? तरी बोटं उलटी होतात, लोखंडाला टेकतात, क्षणभर थांबतात आणि मगच मी कडी काढतो. बँकेचं दार, दवाखान्याचं दार, लग्नाच्या हॉलचं दार, सगळीकडे हेच. बायको सुरुवातीला हसायची. आता ती पुढे होते आणि स्वतःच दार उघडते.

ही सवय मी एका बाईकडून उचलली. तिची ती सवय आधी मीच मोडली होती, तीही तिचा हात धरून. त्यापायी तिचा हात गेला. सांगायला एवढंच आहे, पण अजून मी हे घरात कोणाला सरळ सांगितलेलं नाही.

जबलपूरजवळ खमरियाच्या कारखान्यात बिजलीच्या दुरुस्तीखात्यात मी छत्तीस वर्षं काढली. वडीलही तिथेच होते, नागपूरकडून नोकरीसाठी आलेले. आमच्याकडे घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर हिंदी. मुलांशी मराठीत बोललं की मुलं हिंदीत उत्तर देतात आणि त्याचं कोणालाच काही वाटत नाही. रिटायर झाल्यावर पहिले दोन महिने मी घरातले सगळे पंखे, मिक्सर आणि इस्त्र्या खोलून दुरुस्त केल्या, न बिघडलेल्यासुद्धा. तिसऱ्या महिन्यात बायकोनं सांगितलं, बाहेर काहीतरी काम बघा, नाहीतर मी भावाकडे जाऊन राहते. त्याच सुमारास एक छोटी संस्था बस्तीतल्या घरांवर सोलर बसवणार होती आणि तिला वीजकाम जाणणारा माणूस हवा होता. मी दुसऱ्याच दिवशी पिशवीत पकड आणि टेस्टर घालून हजर झालो.

रेल्वेलाइन आणि नाला यांच्यामधल्या पट्टीत ती बस्ती आहे. आमच्या वाट्याला वीस-बावीस घरांची एक गल्ली आली. भिंती कुठे विटांच्या, कुठे मातीच्या, वर पत्रे. दारंही पत्र्याचीच, वरच्या पत्र्याला तारेनं आवळलेली. जागेचे कागद नाहीत म्हणून मीटर एकाही घरात नव्हतं, पण वीज सगळ्यांकडे होती. बांबूच्या टोकाला वाकवलेली तार बांधून ती वरच्या लाइनवर अडकवायची आणि तिथून वायर घरात ओढायची. याला कटिया म्हणतात. या वायरी पत्र्यांवरून लोळत जायच्या. पत्र्याच्या कडेनं प्लास्टिक कापलं गेलं की करंट पत्र्यात उतरायचा आणि पत्र्यातून दारात. उन्हाळ्यात हाताला मुंग्या आल्यासारखं व्हायचं. पावसात चिखलात पाय असले की मात्र झटका बसायचा.

पहिल्या दिवशी गल्लीत शिरलो तेव्हा एक बाई पाण्याचा हंडा घेऊन स्वतःच्या दारापाशी आली. तिनं उजव्या हाताची बोटं उलटी करून दाराला टेकवली, जरा थांबली, मग हात सुलटा करून दार उघडलं. तिच्या मागून शाळेचं दप्तर घेतलेली मुलगी आली, तिनंही तेच केलं. पुढच्या घरात एका म्हाताऱ्यानं तेच. देवळाच्या पायरीला हात लावावा तितक्या सहज प्रत्येक जण आपल्याच दाराला हाताची पाठ लावत होता.

यामागचं कारण मला कोणी सांगायची गरज नव्हती. करंट लागला की मूठ आपोआप आवळते. तळहात लावलेला असेल तर माणूस त्या वस्तूला धरूनच राहतो, सोडू म्हटलं तरी सुटत नाही. उलटा हात लावला तर मूठ रिकामीच मिटते आणि हात बाजूला होतो. कारखान्यात पहिल्या आठवड्यात उस्तादानं मला हेच शिकवलं होतं. आधी टेस्टर, मग उलटा हात, आणि त्यानंतरही भरवसा ठेवायचा नाही. लाइन बंद आहे असं मी म्हणालो की तो ओरडायचा, "बंद है, ये मत बोल. बंद दिख रही है, ये बोल."

उस्तादाची अक्कल या गल्लीत कुठून आली, ते मला तिसऱ्या घरातल्या बाईनं सांगितलं. मी शिडीवर उभा राहून एका गंजलेल्या स्क्रूला मराठीत शिव्या घालत होतो. खालून आवाज आला, "तुम्ही आपल्याकडचे काय, भाऊ?" ती गोंदियाकडची होती, लग्न होऊन जबलपूरला आलेली. पन्नाशीच्या आसपासची. दारातच सूप मांडीवर घेऊन विड्या वळत बसायची. तेंदूच्या पानावर तंबाखूची रेघ टाकायची, पान गुंडाळायचं, नखानं टोक मुडपायचं, दोऱ्याचा वेढा द्यायचा. बोलताना ती हाताकडे बघायची नाही. बोटं आपलं काम करत राहायची आणि तिचं तोंड आपलं.

अकरा वर्षांपूर्वी, पावसाळ्यात, तिचा नवरा कामावरून आला आणि त्यानं रोजच्यासारखं दार धरलं. ती आत स्वयंपाक करत होती. दार वाजतं आहे आणि हे आत का येत नाहीत, असं म्हणून ती दोनदा ओरडलीसुद्धा. त्या दिवसापासून त्या गल्लीत कोणी सरळ हातानं दार उघडत नव्हतं. बाळाला चालता यायला लागलं की आधी ही गोष्ट शिकवायची, मग नमस्कार. हे सांगताना तिनं दोन विड्या पुऱ्या केल्या.

थंडीत आम्ही प्लेटा बसवल्या. बस्तीत सोलर पॅनेलला प्लेट म्हणतात, मग मीही म्हणायला लागलो. प्रत्येक घरावर एक प्लेट, आत बॅटरीची पेटी, दोन दिवे, एक पंखा आणि मोबाइलसाठी एक खाच. अट एकच होती, कटिया काढायची. ती अट मीच लिहायला लावली होती. सगळ्यात आधी आपली कटिया उतरवून त्या गोंदियाच्या बाईनं आणून दिली. मग गल्लीतल्या सगळ्यांनी एकेक करून दिल्या आणि मी त्या पोत्यात भरून घरी नेल्या, परत कोणाला मोह नको म्हणून. ते पोतं अजून आमच्या मागच्या पडवीत आहे. भंगारवाला दर महिन्याला मागतो, मी देत नाही. दमट दिवसांत पडवीत गंजाचा वास येतो.

तिनं मला विचारलं होतं, म्हणजे आता पत्र्यात काही येणार नाही? मी ओल्या हातांनी बॅटरीची दोन्ही टोकं धरून दाखवली आणि बारा व्होल्टवर छोटंसं व्याख्यान दिलं. लोक हसले. मला लोकांना हसवायला आवडतं, त्याहून जास्त त्यांना समजावून सांगायला आवडतं. संध्याकाळी तिच्या घरात पांढरा उजेड पडला तेव्हा ती म्हणाली, आता तंबाखू दिसते, आधी अंदाजानं टाकत होती. त्या आठवड्यात मी घरी इतका खूश होतो की बायकोनं मला ताप तर नाही ना, असं विचारलं.

पण उलटा हात काही जाईना. महिना झाला, दीड महिना झाला. सगळ्या गल्लीत एक कटिया उरली नव्हती, तरी माणसं दाराशी येऊन थांबायची आणि बोटांची पाठ टेकवायची. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, हे मला कळत होतं. पण हे ताक मी स्वतः घुसळलेलं होतं. कोणी फुंकर घातली की मला ती माझ्या तोंडावर घातल्यासारखी वाटायची.

फेब्रुवारीत संस्थेचे पाहुणे काम बघायला आले. मी आपलंच घोडं पुढे दामटत त्यांना घरोघर नेत होतो. तिच्या दाराशी पोचलो तेव्हा ती बाहेरून येत होती. सगळ्यांसमोर तिनं दाराला उलटा हात लावला. एका पाहुण्यानं विचारलं, हे काय? अजून करंट येतो का?

परक्या बाईचा हात धरू नये, एवढी रीत मलाही कळते. पण मी तिचं मनगट पकडलं, हात सुलटा केला आणि तिचा तळवा दाराच्या पत्र्यावर दाबून धरला. तिचा सगळा हात खांद्यापर्यंत ताठ झाला. तिची नाडी माझ्या बोटांखाली धडधडत होती. मी हसत होतो. "काहून भिता, ताई?" मी म्हणालो. "काही आहे काय यात? आजपासून सरळ हातानं उघडायचं. मी सांगतो ना."

कोणीतरी फोटो काढला. मी हात सोडला. तिनं आपल्या तळव्याकडे पाहिलं, मग त्याच तळव्यानं दार ढकलून ती आत गेली, परत बाहेर आली, दार ओढून घेतलं आणि पुन्हा सरळ हातानं उघडलं. पाहुण्यांना फार गंमत वाटली, आणि मलाही. होळीपर्यंत गल्लीतली मुलं सरळ हातानं दारं उघडायला लागली, मग सुना, मग बाकीचे.

बंद आहे, असं मी म्हणालो होतो. उस्ताद असता तर कानाखाली वाजवली असती.

तिच्या शेजारी सिहोऱ्याकडचा एक हमाल राहत होता. तीस-बत्तीसचा, मालगोदामात पोती उचलणारा, कमी बोलणारा. एप्रिलमध्ये त्याची बायको बाळंत झाली. मे महिन्यात त्यानं मला गल्लीच्या तोंडाशी गाठून विचारलं, बाबूजी, या प्लेटवर कूलर चालेल का? पंखा गरम हवा फेकतो, बाळ रडून रडून निळं पडतं. मी म्हणालो, आज कूलर मागतोस, उद्या एसी मागशील. तो कसंनुसं हसला आणि निघून गेला.

उचलली जीभ लावली टाळ्याला, ही माझी जुनी खोड आहे. पण त्या दिवशीचं फक्त जिभेचं नव्हतं. मे महिन्यात पत्र्याखाली काय होतं ते मला माहीत होतं, त्या पत्र्यांवर मी उभा राहिलो होतो. मोठी प्लेट आणि बॅटरीवर चालणारा छोटा कूलर मिळतो, हेही माहीत होतं. संस्थेला एक चिठ्ठी लिहायची होती. मी लिहिली नाही, कारण सगळ्या घरांना सारखंच, असा हिशोब मी बसवला होता आणि माझा हिशोब चुकला असं मला कोणाला सांगायचं नव्हतं. याला घमेंड म्हणतात, दुसरं नाव नाही.

त्यानं परत कटिया टाकली. वायर मला दिसू नये म्हणून तिच्यावर ताडपत्री ओढली. गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं, मला कोणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मी सगळ्यांसमोर त्याला फाडून खाल्लं असतं, आणि त्याच्या घरात बाळ होतं. लोकांनी आपल्या परीनं काळजी घेतली. त्याच्या दाराला मुलं पुन्हा उलटा हात लावू लागली. फक्त त्याच्याच दाराला. त्याच्या छपराचा पत्रा तिच्या पत्र्याखाली वीतभर सरकवलेला होता, दोन्ही छपरं एकमेकांना चिकटलेली होती. ही गोष्ट कोणाच्या लक्षात यायची तर माझ्या यायची. प्लेटा बसवताना त्या जोडावर मीच गुडघा टेकवला होता.

भाद्रपदात दोन दिवस झड लागली होती. तिसऱ्या दिवशी सकाळी उघडलं. ती नळावरून आली, उंबऱ्यापुढच्या डबक्यात एक पाय होता, आणि तिनं सरळ हातानं दार धरलं. आत तिची सून पोळ्या करत होती. किंकाळी वगैरे काही ऐकू आली नाही, असं सुनेनं मला नंतर सांगितलं. फक्त दार वाजत होतं. हमालानं कपडे वाळत घालायचा बांबू तिच्या हातावर मारला तेव्हा हात सुटला.

मला नऊच्या सुमाराला फोन आला. दवाखान्यात पोचलो तेव्हा तिचा उजवा हात कोपरापर्यंत बांधलेला होता आणि ती झोपेच्या इंजेक्शनखाली होती. सुनेनं सगळं सांगितलं. बोलता बोलता ती म्हणाली, "सासूबाई आताशा सरळच हात लावत होत्या ना." माझ्याकडे बघून नाही, सलाइनच्या नळीकडे बघून म्हणाली. टोमणा नव्हता. मी पाच मिनिटं उभा राहिलो आणि घरी आलो. त्यानंतर चार महिने मी त्या गल्लीत पाऊल टाकलं नाही. पळालो, असंच म्हणायला हवं.

फळं पाठवत राहिलो, संस्थेच्या माणसाच्या हातून. आणि आणखी एक केलं, ते सांगायला जास्त जड जातं. संस्थेनं त्या हमालाला बोलावून घेतलं तेव्हा मी तिथे होतो. तो मान खाली घालून उभा होता आणि मी त्याच्यावर तोंडसुख घेतलं. अट काय होती, कटिया कोणी टाकली, बाईचा हात कोणामुळे गेला, सगळं मोठ्या आवाजात. मी घरी येऊन बायकोला तिखटमीठ लावून सांगितलं आणि पोटभर जेवलो. हात धुताना माझा उजवा हात मला दिसला, आणि त्याच्यात ते मनगट होतं. तेव्हापासून ते तिथेच आहे. पेन धरला, स्टिअरिंग धरलं, नातीचा हात धरला, तरी आधी त्या नाडीचे ठोके जाणवतात.

वाट्याला शिव्या आल्या असत्या तर बरं झालं असतं. पण मला कोणीच काही म्हटलं नाही. सगळ्यांच्या लेखी दोषी हमाल होता आणि मी तर कटिया काढा म्हणून कानीकपाळी ओरडणारा शहाणा माणूस. माझं ते वाक्य कोणाला आठवतही नव्हतं. आजपासून सरळ हातानं उघडायचं. मला मात्र ते नळाच्या पाण्यात ऐकू यायचं, कुकरच्या शिटीत ऐकू यायचं. वाऱ्यानं आमचं लोखंडी फाटक वाजलं की मी जागेवरून उठायचो आणि बाहेर जाऊन बघायचो. फाटकापाशी कोणी नसायचं. मग कधीतरी मी ते उलट्या हातानं उघडायला लागलो.

डिसेंबरच्या शेवटी संस्थेचं नव्या वर्षाचं कॅलेंडर टपालानं आलं. बायकोनं ते स्वयंपाकघरात लावलं. जानेवारीच्या पानावर तो फोटो होता. पत्र्याचं दार, दारावर तिचा तळवा, तिच्या मनगटाभोवती माझी बोटं, आणि वर माझा हसरा चेहरा. ती कॅमेऱ्याकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. तो फोटो निघाला तेव्हा मी तिचे डोळे पाहिलेच नव्हते. आता पाहिले. त्यांत भीती होती, आणि भीतीपेक्षाही जास्त, मी म्हणतो ते खरं असावं अशी इच्छा होती.

"ही कोण?" बायकोनं विचारलं. मी म्हणालो, बस्तीतली एक बाई. तिनं फोटोतल्या माझ्या हाताकडे पाहिलं, मग माझ्या खऱ्या हाताकडे. जानेवारीचं पान तिनं दहा तारखेलाच उलटलं.

दुसऱ्या दिवशी मी कमानिया गेटच्या बाजारात जाऊन तांब्याची तार आणि सळया घेतल्या, खड्ड्यात भरायला मीठ आणि कोळसा घेतला आणि बस्तीत गेलो. छपरं एकमेकांना तांब्याच्या तारेनं जोडून ती तार जमिनीत खोल उतरवायची, म्हणजे पत्र्यात करंट आलाच तर तो माणसातून न जाता मातीत जाईल. याला अर्थिंग म्हणतात. ते पहिल्याच दिवशी करायला हवं होतं, प्लेटा नंतर. मला ते माहीत होतं. कटियाच काढल्या तर कशाला हवं, असं मी तेव्हा म्हणालो होतो. बैल गेला आणि झोपा केला, असं आता म्हणायला मोकळा आहे.

खड्डे खणायला हमाल आला. मी बोलावलं नव्हतं. दोन दिवस आम्ही शेजारी शेजारी खणत होतो आणि कामापुरतं बोलत होतो. तिसऱ्या दिवशी मी त्याला म्हणालो की चूक तुझ्या एकट्याची नव्हती. त्यानं कुदळ टेकवली आणि म्हणाला, "बाबूजी, आपने तो मना किया था." मी परत खणायला लागलो. त्याच्या घरासाठी मोठ्या प्लेटची आणि कूलरची चिठ्ठी मी त्याच संध्याकाळी लिहिली. लिहायला दहा मिनिटं लागली आणि आठवड्यात मंजूर झाली.

ती घरात होती. मी आल्याचं तिला पहिल्या दिवशीच कळलं असणार, पण तिनं मला तिसऱ्या दिवशी चहाला बोलावलं. चहाचा कप तिनं डाव्या हातानं दिला. उजव्या हाताचा अंगठा आणि पुढची दोन बोटं सरळ उभी होती. मिटत नव्हती, त्यांना गरम-गारही कळत नव्हतं. तळव्यावर दाराच्या कडेची रेघ होती. सूप कोपऱ्यात उभं केलेलं होतं. विड्या आता सून वळत होती, आणि गल्लीतल्या बायका रोज आपापल्या विड्यांतला एकेक कट्टा, म्हणजे पंचवीस विड्यांचं बंडल, तिच्या नावानं टाकत होत्या. त्याच्या बदल्यात ती सगळ्या घरांच्या प्लेटा पुसायची, डाव्या हातात बांबू आणि बांबूला फडकं बांधून.

मी चहा खाली ठेवला. "ताई, त्या दिवशी तुमचा हात मी धरला होता," मी म्हणालो.

"हव," ती म्हणाली. "मी कुठं विसरून राहिली?"

मी वाट बघत होतो. आता ती काय ते बोलेल आणि एकदाचं होऊन जाईल, असं मला वाटत होतं. ती सुनेच्या बोटांकडे बघत होती. मग म्हणाली, "पर एक सांगू काय, भाऊ? ते सहा-सात महिने मी आपल्याच घरात माणसावानी शिरली. हे गेल्यानंतर पहिल्यांदा."

तिनं शिव्या दिल्या असत्या तर मी त्या घरी नेल्या असत्या. हे कुठे न्यायचं ते मला अजून कळलेलं नाही.

त्या वर्षीच्या पावसाळ्यात अर्थिंग बघायला मी एकदा सकाळी लवकर गेलो. गल्लीत अजून कोणी उठलं नव्हतं. ती एकटी चिखलातून चालत होती. प्रत्येक दाराशी थांबायची, तो न मिटणारा हात पत्र्यावर सपाट ठेवायची, थोडं थांबायची आणि पुढच्या दाराशी जायची. पहिल्या घरापासून शेवटच्या घरापर्यंत. मला बघून ती जराही ओशाळली नाही. हा हात आता मिटत नाही, म्हणून कशाला चिपकत नाही, असं तिनं मला समजावलं. लोक उठायच्या आत ती सगळी दारं बघून ठेवते.

छत्तीस वर्षं मी हेच काम केलं होतं. हात चिकटला नाही तरी झटका तोच असतो आणि तो छातीतूनच जातो. "ताई, असं नका करू," मी म्हणालो. "हात सुटला तरी करंट तं लागतेच."

"मंग कोनी लावाव, भाऊ?" तिनं विचारलं. "ज्याचा मिटते त्यानं?"

मी तिला माझा टेस्टर दिला आणि तो कसा धरायचा ते शिकवलं. ती लगेच शिकली. तेव्हापासून ती डाव्या हातानं प्रत्येक दाराला आधी टेस्टर लावते, आणि मग उजवा हातही लावते. मी चिडलो. टेस्टरचा दिवा लागला नाही म्हणजे बंद आहे, मग परत हात कशाला, असं विचारलं. "दिवा नाही लागला म्हंजे बंद दिसते," ती म्हणाली. "बंद आहे असं काहून म्हनाव?" उस्तादाचं नाव तिनं जन्मात ऐकलेलं नाही.

अर्थिंगला आता दोन पावसाळे होऊन गेले. हमालाचं पोर गल्लीभर पळतं आणि दारं सरळ हातानं ढकलतं, कारण ती बाई सकाळी बघून गेलेली असते. पावसाच्या दिवसांत मीही पहाटेच्या पहिल्या बसनं जातो, तिच्या आधी पोचावं म्हणून. एकदाही जमलेलं नाही. मी पोचतो तेव्हा ती अर्ध्या गल्लीत असते, आणि उरलेल्या दारांपाशी आम्ही दोघं बरोबर थांबतो.

परवा तसेच तिच्या दाराशी आलो. रात्रभर पडून गेलेला होता, उंबऱ्यापुढे तेच डबकं. तिनं टेस्टर लावला, दिवा लागला नाही. तिनं तो हात पत्र्यावर ठेवला आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ ठेवला. मग बाजूला झाली आणि म्हणाली, "उघडा, भाऊ. सरळ हातानं. मी सांगते ना."

मी तळवा पुढे केला. खरंच केला. दारापासून चार बोटांवर तो मनगटातून फिरला आणि उलटा होऊन पत्र्याला टेकला. पत्रा गार होता, त्यात काही नव्हतं. ती हसली नाही. तिनं डाव्या हातानं दार ढकललं आणि मला आधी आत जाऊ दिलं.